सबन गावाले माहीत होतं, मग बोर्ड कशाले?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे यवतमाळ जिल्ह्यातले, वय ३४, पेटी ठेकेदार. एका मोठ्या ठेकेदाराकडून गावच्या रस्त्यावरचा जुना रपटा काढून तिथं पुलिया बांधायचं काम तोंडी बोलीवर घेतलं. अर्धा रस्ता खोदला, अर्धा चालू ठेवला, खड्ड्याच्या काठाला दगड मांडले अन् बेशरमच्या फांद्या रोवल्या. एप्रिलमधे एका रात्री लाईन गेलेली असताना, लग्नाला आलेला दुसऱ्या तालुक्यातला पोरगा मोटरसायकलसकट आत गेला. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मोठा ठेकेदार आता म्हणतो, "दोन बोर्ड लाव, फोटो काढ, तारीख मागची टाक, बाकी मी पाहून घेतो." पत्रलेखकाचं म्हणणं असं की बोर्डाचा आयटम एस्टिमेटमधे नव्हता, मजूर आठच होते म्हणून कायदा लागू होत नाही असं ऐकलंय, अन् "गावात सबन लोकायले माहीत होतं जी." विचारतात: फोटो काढू का? पोराला भेटायला गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? अन् पुढच्या कामाला नेमकं काय लावायचं, बोर्डावर लिहायचं काय?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोराच्या पायाचं त्यात आहे, ठेकेदाराच्या फोनचं आहे, तुम्हाला झोप येत नाही तेही आहे, पण तो खड्डा आज कसा आहे हे कुठंच नाही. म्हणून आधी ते, कायदा-बियदा नंतर. आज दिवेलागणीच्या आत तिथं दोन्हीकडून बोर्ड लागले पाहिजेत, खड्ड्याला आडवं काहीतरी ठोस पाहिजे अन् अंधारात चमकेल असं काहीतरी पाहिजे. फोटोही काढा, जरूर काढा, पण आजच्या तारखेचा, अन् डायरीत सरळ लिहून ठेवा की अपघातानंतर अमुक दिवशी हे लावलं. उशीर झाला हे त्यातून दिसेल, दिसू द्या. सांगितल्यावरही लावलं नाही असं दिसण्यापेक्षा ते बरं.

मागच्या तारखेचा फोटो मात्र नाही म्हणजे नाही. त्या रात्री पोराला वर काढायला जे धावले त्यातल्या निम्म्यांनी आधी मोबाईल काढला असेल, तुम्हीही हे जाणता, अन् त्या व्हिडिओत फांद्या दिसतात, बोर्ड दिसत नाही. तुमचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला की झालं. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळं कोणाला गंभीर दुखापत झाली (हाड मोडणं गंभीर दुखापतीतच मोडतं) तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कोर्टाच्या कामात वापरायला खोटा पुरावा तयार केला तर कलम २२९ खाली ७ वर्षांपर्यंत. म्हणजे तीनची भानगड मिटवायला सातची अंगावर घ्यायची, अन् तीही अशा माणसाच्या सांगण्यावरून ज्यानं तुम्हाला साधा एक कागद लिहून दिलेला नाही.

आता जरा विचार करा की तो एवढा घायकुतीला काहून आला. आपल्याकडच्या सरकारी बांधकामाचा बी-१ फॉर्म, म्हणजे ठेकेदार सही करतो तो छापील करार, तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलाय का? कोणीच वाचत नाही, मीही नोकरीला लागल्यावर चार वर्षांनी वाचला. त्यात अट असते की लोकांना अपघात होऊ नये म्हणून लागणारं कुंपण अन् दिवे ठेकेदारानं लावायचे, अन् ते न लावल्यामुळं कोणाला इजा झाली, केस झाली, तर केसचा खर्च अन् भरपाई ठेकेदारानंच द्यायची. म्हणजे "एस्टिमेटमधे आयटम नव्हता" हे जे तुम्ही लिहिता त्याचा अर्थ बोर्ड लावायचा नव्हता असा होत नाही, त्याचे वेगळे पैसे मिळणार नव्हते एवढाच होतो. अन् त्या फॉर्मवर सही कोणाची? त्याची. परवानगी न घेता काम दुसऱ्याला दिलं तर तेही त्याच फॉर्मात बसत नाही. एकदा तो फोटो तुमच्या हातानं, तुमच्या मोबाईलवरून निघाला की पोळ्याच्या बैलासारखे सजवून पुढं तुम्हालाच उभं करतील. "बाकी मी पाहून घेतो" हे वाक्य मी ३१ वर्षांच्या नोकरीत फार ऐकलं, अन् ते बोलणारा नंतर फोन उचलत नाही.

त्याला व्हॉट्सअपवर साधा मेसेज पाठवा, भांडण नको: 'अमुक तारखेला अपघात झाला, आज मी बोर्ड अन् बॅरिकेड लावले, मागच्या तारखेचा फोटो मी देणार नाही, खर्चाचं काय ते कळवा.' एवढं पाठवून गप्प बसा. अन् पोलिसांचा फोन आलाच तर एकटे जाऊ नका, वकील सोबत घ्या. पैशाची ओढाताण असेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं चौकशी करा.

आता मजूर आठच होते ते. तुम्ही जो कायदा ऐकला तो बांधकाम कामगारांचा १९९६ चा, अन् दहाचा आकडा त्यात खरंच आहे. त्याची जागा आता कामगार सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेनं घेतलीय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली, दहा तिच्यातही आहे. पण जुन्या कायद्याची मोजणी आज किती माणसं उभी आहेत अशी नव्हती, मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त होती का, अशी होती. अन् मोजायची ती अख्ख्या आस्थापनेची, ठेकेदाराची माणसं धरून. स्लॅबच्या दिवशी तुमच्याकडं किती होते? मिक्सरवाले, गज बांधणारे, छत्तीसगडहून आलेली टोळी? हात वर करून सांगा की दहाच्या खाली होते.

बरं, धरून चालू की आठच होते. मग तो एक कायदा बाजूला राहिला. न्याय संहितेतला निष्काळजीपणा मजूर मोजत नाही, बी-१ मधली अटही मोजत नाही. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा केला म्हणून कलम २८५ आहे, ५ हजारांपर्यंत दंड, तिथंही डोकी मोजायचं काम नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८-अ घातलं, रस्त्याचं काम ठरलेल्या मानकांप्रमाणं केलं नाही अन् त्यामुळं कोणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला, सल्लागाराला अन् अधिकाऱ्यालासुद्धा १ लाखापर्यंत दंड. माणूस दगावलाच तर न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. हा पोरगा वाचला हे तुमचं अन् त्याचं दोघांचं नशीब.

कलमं खूप झाली. मला खरं बोलायचंय ते "सबन लोकायले माहीत होतं" ह्यावर.

माहीत कोणाला होतं? तुमच्या गावाला. ज्यानं दिवसाउजेडी जेसीबी चालताना पाहिली त्याला, ज्याची बंडी रोज वावरात तिथून जाते त्याला. त्यांच्यासाठी फांदीसुद्धा नको होती, ते डोळे मिटून चुकवतात. बोर्ड असतोच मुळी त्याच्यासाठी ज्याला माहीत नाही. अन् एप्रिल-मेमधे आपल्या गावात कोण येतं? लग्नाची पाहुणेमंडळी येतात, डीजेची गाडी येते, कापूस-तूर घ्यायला व्यापाऱ्याची मेटॅडोर येते, पुण्याला कंपनीत लागलेलं पोट्टं दोन वर्षांनी येतं अन् त्याच्या डोक्यात अजून जुनाच रस्ता असतो. पोरगा वऱ्हाडी होता, रात्रीचे दहा वाजले होते, लाईन नव्हती. तुम्ही लिहिता "तो बाहेरचा होता म्हणून पडला." भाऊ, हे तुम्ही तुमच्या बाजूनं लिहिलंय खरं, पण एकदा मोठ्यानं वाचून पाहा, ते तुमच्याच विरोधात जातं.

फांद्यांवर हसणारा मी नाही. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागं फांदी टाकतो, सगळ्या हिंदुस्थानात त्याचा अर्थ कळतो, अन् दिवसा हिरवी फांदी दिसतेही. पण तोडलेली बेशरम आपल्या उन्हात दोन दिवसांत मातीच्या रंगाची होते. रात्री तुमच्या रस्त्याचा रंग काय? मातीचाच. ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर पळते, जुन्या मोटरसायकलचा लाईट नीट दाखवतो ते तीस-चाळीस मीटर, अन् त्यातले वीस-बावीस तर "हे काय आहे" असं वाटून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतात. मग समोर उरतात ते तुमचे दगड, म्हणजे खड्ड्याआधीची ठोकर.

माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब खुर्चीत बसून बोलून राहिले. नवीन ओव्हरसियर होतो तेव्हा एका गावात पाइपलाइनची नाली खोदली होती, पुरुषभर खोल, अन् मी मोठ्या ऐटीत सुतळीला लाल कपडा बांधून घेतला होता अन् पाटीवर खडूनं 'सावधान' लिहिलं होतं. रात्री एका म्हातारीचा गोऱ्हा आत पडला अन् अडकून मेला. सकाळी ती मला काही वाईट बोलली नाही, फक्त म्हणे, "बाबू, त्याले वाचता येत नव्हतं नं." पैसे मी खिशातून दिले, साहेबाला कळलंही नाही. पण तेव्हापासून बोर्डावर माझा फार भरवसा राहिला नाही. बोर्ड सांगायचं काम करतो, अडवायचं काम त्याच्या बापाच्यानं होत नाही. सांगणारं एक पाहिजे अन् अडवणारं एक पाहिजे, दोन्ही.

तर लावायचं काय. रस्त्यावरच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एक पुस्तिकाच आहे, एसपी-५५, २०१४ ची सुधारित. तिच्यात कामाच्या जागेचे टप्पे पाडलेत: आधी इशाऱ्याचा टप्पा, मग गाडी बाजूला वळवायचा, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा रस्त्याला लागायचा. आपण गावाकडं काय करतो, चारही टप्पे खड्ड्याच्या काठावर एकाच दगडात बसवतो. तुमच्यासारख्या गावरस्त्याला मी सांगेन की पहिला बोर्ड खड्ड्याच्या शंभरेक मीटर आधी, दोन्ही बाजूंनी, तिकोनी, लाल काठाचा, फावडंवाल्या माणसाचं चित्र असलेला. कामाच्या तात्पुरत्या बोर्डावर चित्रामागचा रंग पिवळा ठेवतात म्हणजे तो नेहमीच्या पांढऱ्या बोर्डापेक्षा वेगळा उठून दिसतो. दुसरा बोर्ड पन्नासेक मीटरवर, रस्ता कुठून वळवलाय त्याचा बाण. अन् काठावर आडवं बॅरिकेड. गावात रिकामे ड्रम मिळतात, त्यात मुरूम भरा, वर रिफ्लेक्टिव्ह पट्टी गुंडाळा, मधून बल्ली बांधा. साधा ऑइलपेंट चालत नाही, रात्री तो मुका असतो, चमकणारी रेडियमची शीटच पाहिजे. जमलं तर एक सोलरचा लुकलुकणारा दिवा. हे सगळं मिळून जेसीबीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या आत बसतं, हिशेब करून पाहा.

खोदकामाची मातीही काठावर ढिगारा करून ठेवू नका. मानकाप्रमाणं ती काठापासून किमान दीड मीटर, किंवा खड्डा जेवढा खोल त्याच्या निम्म्यावर, जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. त्यानं काठ ढासळत नाही अन् तुमचा मजूरही आत गाडला जात नाही. मजुरांचं म्हणाल तर त्या १९९६ च्या कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं की इशाऱ्याचे फलक हिंदीत अन् बहुतेक मजुरांना समजेल अशा भाषेत पाहिजेत, अन् काम रहदारीच्या रस्त्याला लागून असेल तर बॅरिकेड, फलक, दिवे तिन्ही पाहिजेत. आपल्याकडं टोळीत कोलाम असतो, गोंड असतो, छत्तीसगडी असतो, कोणी शाळेत गेलेला कोणी नाही, म्हणून मी म्हणतो चित्र मोठं काढा अन् अक्षरं कमी.

एक गंमत सांगू? तुमच्याच कामावर एक भलामोठा बोर्ड नक्की असेल. कामाचं नाव, योजना, रक्कम, मुदत, वर हात जोडलेले चारपाच फोटो. तो माहितीचा फलक, त्याचा अन् इशाऱ्याचा काहीएक संबंध नाही, पण साहेब विचारायला आले की लोक त्याच्याकडंच बोट दाखवतात, "हे काय, बोर्ड लावला नं." अन् दुसरा एक असतो, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. तो माफी मागतो, खड्डा कुठं आहे ते सांगत नाही.

बोर्ड चोरीला जातात ही तुमची तक्रार खरी आहे. फ्लेक्स लावला तर तिसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी कुटारावर दिसतो अन् पत्रा भंगारात. त्यावर माझा जुना उपाय, बोर्डाचा खांब ड्रममधे काँक्रीटनं गाडायचा, अन् जवळच्या घरातल्या एखाद्या माणसाला रोजचे थोडे पैसे देऊन दिवेलागणीला एक चक्कर मारायला लावायची. त्यानं डायरीत वेळ टाकून सही करायची. ही डायरी उद्या कोर्टात कोणत्याही फोटोपेक्षा भारी पडते, कारण ती खरी असते अन् रोजची असते.

आता पोराकडं जायचं. जा. तुम्हाला भीती आहे की भेटायला गेलो म्हणजे गुन्हा कबूल. माणूस पाहायला जाणं हा कबुलीजबाब नव्हे, न गेलेलं मात्र गावात बरोब्बर मोजलं जातं. पहिल्या भेटीत पैशाचं काढू नका, कोणाला मधे घेऊन "मिटवून टाकू" तर अजिबात नको, सरपंच नको, मोठ्या ठेकेदाराचा माणूस तर नकोच. बायकोला सोबत न्या, त्याच्या आईशी ती बोलेल. हॉस्पिटलचं बिल किती झालं, शेतीची कामं कोण पाहून राहिलं, एवढं विचारा. पुढं मदत द्यायची ठरलं तर ती वकिलाला विचारून, बँकेतून, पावतीनं द्या, हातात नोटा नको. अन् कोऱ्या कागदावर सही ना तुमची ना त्यांची.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण दर आठवड्याला असलीच पत्रं येतात. तुमच्या रस्त्यावर कोणी खोदून तसंच सोडलं असेल तर फेसबुकवर फोटो टाकून थांबू नका. उपविभागीय अधिकाऱ्याकडं, म्हणजे एसडीओकडं लेखी अर्ज द्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. रस्त्याला लागून असलेली विहीर, टाकं किंवा खोदकाम याला कुंपण घाला असा आदेश ते काढू शकतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं. पोच घ्यायला विसरू नका. अन् कामाचं एस्टिमेट अन् अटी पाहायच्या तर १० रुपये भरून माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत मिळायला पाहिजे.

घरकुलाची रेती-गिट्टी रस्त्यावर टाकून निवांत झोपणाऱ्यांनो, वरचं २८५ तुम्हालाही आहे. "दोन दिवसांत उचलतो" म्हणता अन् पोळा येतो तरी ढीग तिथंच.

अन् वावरात बोअर मारणाऱ्यांनी तर हे कापून ठेवा. उघड्या बोअरमधे लेकरं पडतात म्हणून सुप्रीम कोर्टानं २०१० मधे सूचना घालून दिल्यात: बोअर मारायच्या १५ दिवस आधी प्रशासनाला अन् सरपंचाला लेखी कळवायचं, काम चालू असताना तिथं फलक पाहिजे, त्यावर मशीनवाल्याचा अन् मालकाचा पूर्ण पत्ता, भोवती काटेरी तार, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, वर वेल्डिंग केलेलं किंवा बोल्टनं आवळलेलं झाकण, अन् पाणी लागलं नाही तर बोअर तळापासून वरपर्यंत माती-रेती-दगडानं बुजवायचा. वर पोतं टाकून त्यावर दगड ठेवणं ह्यात कुठंच बसत नाही. मशीनवाला रात्रीतून निघून जातो, बोअर तुमच्या सातबाऱ्यावर राहतो.

राहिलं तुमचं शेवटचं, लिहायचं काय. 'कार्य प्रगतीपथावर आहे' असलं काही नको, प्रगती ज्याला करायची तो करेल. पहिल्या बोर्डावर 'पुढे खड्डा, गाडी हळू'. दुसऱ्यावर बाण अन् 'डावीकडून जा', बाजू पाहून घ्या, परतीच्या बाजूला तोच बोर्ड उलटा होतो अन् लोक घाईत तसाच लावतात. खाली तेच हिंदीत. अक्षर वीतभर उंच, पिवळ्यावर काळं. अन् एका कोपऱ्यात तुमचा मोबाईल नंबर, म्हणजे रात्री कोणाला बोर्ड पडलेला दिसला तर फोन येईल. नंबर चालू असलेला टाका, अन् रात्री तो सायलेंटवर ठेवू नका.